ओव्हनमधला जवळा

पौषातली थंडी यंदा रोडपालीत जरा जास्तच रेंगाळली होती. सकाळचे साडेसहा वाजले तरी हायवेवरचे ट्रक दिवे लावूनच चालले होते, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडची धूळ धुक्यात मिसळून चौथ्या मजल्याच्या खिडकीशी येऊन थांबली होती. भामाने खिडकी ओढून घेतली, गॅसवर आधण चढवलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि उकळी फुटल्यावर तांदळाचं पीठ मुठीमुठीने सोडलं. मुलाची, निकेशची मूठ, दिपिकाची, नात रियाची, आपली. शेवटी नवऱ्याची, तुळशीरामची. ती जरा मोठीच.

सून दिपिका दात घासत दारात येऊन उभी राहिली. रविवार असल्यामुळे तिला लॅबला जायची घाई नव्हती.

"आई, बाबांच्या तीन भाकऱ्या आजपण? ते तर खातच नाहीत. काल पण उरल्या."

"उरूं दे."

"आणि निकेश पहाटेच गेलाय. तो संध्याकाळी येणार पुण्याहून."

"येल ना संध्याकाली? मग त्याचीपन हाय." भामाने उकड परातीत ओतली आणि चटके सोसत मळायला घेतली. "पिठातून जित्या मानसाची मूठ कमी करायची नसते, दिपिका. तुला म्हायती नाय, आमच्यात करीत नाय."

दिपिका बेसिनकडे वळली. सासूचा आवाज असा एका पट्टीत आला की पुढे बोलायचं नसतं, हे तिला नऊ वर्षांत कळलं होतं.

भामाचा हात भाकरीवर फिरू लागला की बघत राहावं. गव्हाण गावात असताना कुणाच्याही घरी हळद असो, आदल्या दिवशी निरोप यायचाच, "भामे, चुलीवर बसायला ये गो." मग मांडवामागे ओळीने चुली पेटायच्या, पंधरा-वीस बायका पदर खोचून बसायच्या आणि भामा एका बैठकीला दीडशे भाकऱ्या उतरवायची. सगळ्या एका मापाच्या, चंद्रासारख्या गोल म्हणावं तर चंद्रालाही डाग असतो. बाप मिठागरावरचा. लहानपणी तिने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, सतराव्या वर्षी तुळशीरामच्या घरी आली आणि तिथेही मिठागरच. पावसाळ्यात भातशेती, उन्हाळ्यात मीठ. पुढे जमिनी गेल्या, पैसा आला, भावकीत भांडणं आली, आणि शेवटी हा रोडपालीचा फ्लॅट आला. सगळं बदललं. तव्यावरची भाकरी तेवढी बदलली नाही.

आणि ती खाणाराच आता खात नव्हता.

त्याचं असं झालं. तुळशीरामचे दात तंबाखूने आधीच पोखरले होते. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी उरलेसुरले सगळे काढले आणि नवी कोरी कवळी बसवून दिली. सुरुवातीला गडी खूश होता. आरशात बघून रियाला म्हणायचा, "बग, तुजा आजा नवरदेव झाला." तुळशीचं लग्न लागलं आणि पंधरा दिवसांत पुतण्याची, मिथुनची हळद आली. मिथुन हा धाकट्या भावाचा, बुधाजीचा मुलगा. बुधाजी दोन वर्षांपूर्वी गेला, त्यामुळे वडीलधारा म्हणून तुळशीरामला पहिल्या पंगतीत मधोमध बसवलेलं. मटण वाढलं, भाकरी वाढली. तुळशीरामने सवयीने नळी तोंडात धरून ओढली, आणि नळीबरोबर कवळीही बाहेर आली. नुसती आली नाही, शेजारच्या बळीरामच्या पत्रावळीत जाऊन पडली, आणि बळ्या बोंबलत उठला.

पंगत हसली. डीजेचा आवाज होता तरी ते हसू त्याच्यावरून ऐकू आलं. बिचाऱ्या मिथुनने कवळी पाण्याने धुऊन, पेल्यात घालून, गंभीर चेहऱ्याने काकासमोर आणून ठेवली. हसण्यापेक्षा ते वाईट झालं.

त्या दिवसापासून कवळी कान तुटलेल्या कपात, कपाटाच्या माथ्यावर. तुळशीराम पेजेवर. आधी मटण सोडलं, मग मासळी सोडली. भाकरी दुधात कुस्करून देऊ केली तर म्हणाला, "मी काय मांजर हाय?" हळूहळू सगळ्यांबरोबर जेवायला बसणंही सोडलं. आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून वाटीभर पेज प्यायचा आणि चादर ओढायचा. त्रेसष्ट किलोचा माणूस पंचावन्नावर आला. परवाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दहा दिवसांनी, सोमवारी, परत वजन करू. अजून उतरलं, तर ॲडमिट करून सलाइन लावायचं आणि सगळ्या तपासण्या करायच्या."

भामाला तपासण्यांची भीती नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच. बुधाजीचंही असंच झालं होतं. आधी मटण गेलं, मग भाकरी, मग पेज, शेवटी चमच्याने पाणी. चमच्यापर्यंत माणूस आला की पुढचं तिने बघितलेलं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. फक्त रोज सकाळी त्याची मूठ जरा मोठी घ्यायची.

दुपारी दिपिका फोन घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, हे बघा. मेक्सिकोतल्या बायका करतात. आपल्या भाकरीसारखीच पातळ पोळी, मक्याची. तिच्यात खिमा भरायचा, गुंडाळायची, वर रस्सा ओतायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचं. आतून एकदम मऊ होतं. चावायलाच लागत नाही."

'चावायलाच लागत नाही' म्हटल्यावर भामाने हातातला लसूण खाली ठेवला.

"काय म्हनतात याला?"

"एन्चिलाडा," आठ वर्षांची रिया टेबलाखालून ओरडली.

"नाव ऱ्हाऊं दे. करायचा काय ते सांग."

"मी त्या पोळ्यांचं पाकीट आणणार होते, पण दुकानात संपलं होतं. म्हटलं आपल्या भाकऱ्या उरल्यात, त्याच घेऊ. आणि सोपं आहे हो, एकदा आत सरकवलं की आपण मोकळ्या. रविवारचं आपण दोघींनी काय गॅसपाशी उभं राहायचं?"

"खिमा तुज्या फोनसारका नाय करायचा," भामा म्हणाली. "तो माज्या मसाल्यात होनार."

"तुमच्याच मसाल्यात करा. मी कुठे नाही म्हणते?"

खिमा भामाने शिजवला तो असा की दाताची गरजच उरू नये. भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण, घरचा मसाला, ठेचलेला लसूण, आणि मंद आचेवर दीड तास. वेगळ्या टोपात पातळ रस्सा केला. खोलीत तुळशीराम चादर घेऊन पडला होता. भामाने मुद्दाम दोन्ही दारं उघडी ठेवली, वास जावा म्हणून. वास गेलाही. आतून एवढंच आलं, "दरवाजा लाव गो. थंडी वाजते."

तिचा धीर खचला. मटणाच्या वासाने न हलणारा तुळशीराम तिने चव्वेचाळीस वर्षांत बघितला नव्हता.

साडेसहाला दिपिकाने भाकऱ्या काढल्या आणि विचारलं, "आई, ओव्हन आधी दहा मिनिटं तापवायला लागतो. लावू?"

भामा त्या वेळी बंद दाराकडे बघत उभी होती. "लाव," ती म्हणाली.

इथे त्या ओव्हनविषयी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी दिपिकाने तो हौसेने घेतला. त्यात दोन केक झाले, एक नानकटाई बिघडली, आणि मग तो ओव्हन राहिला नाही, कपाट झाला. भामाच्या दृष्टीने तर ते घरातलं सगळ्यात चांगलं कपाट होतं. काचेचं दार, मुंगी शिरत नाही, मांजराचा पंजा पोचत नाही. सोसायटीने मीटिंग घेऊन गच्चीवर मासळी सुकवायला बंदी केली तेव्हापासून भामा उरणहून आणलेला जवळा, ती नखाएवढी सुकी कोळंबी, खिडकीच्या जाळीत ताटावर उन्हं दाखवायची आणि संध्याकाळी ओव्हनच्या ट्रेमध्ये पसरून, दार लावून ठेवायची. शुक्रवारीच तिने ट्रेभर पसरला होता.

दिपिकाने आत न बघता बटण फिरवलं.

पहिल्यांदा रियाने नाक मुरडलं. मग दिपिकाने. आणि मग तो वास असा काही उठला की स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात, जिन्यातून लिफ्टमध्ये बसून थेट तळमजल्यावर गेला असावा.

"आई! आत काय आहे?"

"अगं बाय माजे!" भामाने कपाळावर हात मारला. "माजा जवला!"

फडकं धरून तिने ट्रे ओढला. वरचा थर तांबूस-तपकिरी होऊन तडतडत होता. तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या सुमतीताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, माहेर पुण्याचं, लसूणसुद्धा बेताने खाणाऱ्या, नाकाला पदर लावून दारात.

"भामाताई, ग्रुपवर तिघांनी विचारलंय, गॅस लीक आहे का म्हणून."

"मग तुमी काय लिवलं?"

"लिहिलं, गॅस नाही, भामाताई आहेत."

दिपिकाला हसू आवरेना. भामा मात्र रडायच्या बेतात होती. दीड किलो जवळा, वर बिल्डिंगभर बोभाटा, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो आत भिंतीकडे तोंड करून पडलेला. "माफ करा सुमतीताई, माज्या डोक्यातच नाय ऱ्हायला. मीच 'लाव' बोललू..."

"कोन भाजतंय जवला?"

सगळ्या बायका वळल्या. खोलीच्या दारात तुळशीराम उभा होता. अंगावर चादर, डोक्यावर माकडटोपी, गालफडं आत गेलेली, आणि नाकपुड्या मात्र फुललेल्या.

"कोन भाजतंय म्हनतो मी. हलवत नाय का कोनी? एका बाजूनी करपल तो. हलवा ना!"

तो तडक ओट्यापाशी आला, तिथलं उलथनं घेतलं आणि ट्रेमधला जवळा वरखाली करू लागला. चिमटीभर उचलून त्याने हिरड्यांमध्ये चोळला. डोळे मिटले.

"करपला नाय," तो म्हणाला. "मस्त झालाय. माजी आईस असा तव्यावर भाजायची."

भामाने दिपिकाकडे बघितलं. दिपिकाने भामाकडे. खिडकीत चिमणी येऊन बसली की आपण जसा श्वास धरतो, तसा दोघींनी धरला. सुमतीताईंच्या तोंडावरचा पदरही आपोआप खाली आला.

"तुमी बसा ना," भामा हळूच म्हणाली आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं, जणू काही विशेष नाही.

तुळशीराम बसला. "आनि तुमी हा काय करता?"

"भाकरीत खिमा भरतोय," दिपिका म्हणाली. तिने एक भाकरी घेतली, मधोमध खिमा ठेवला आणि फोनमध्ये दाखवलं होतं तशी वळवायला गेली. भाकरी मधोमध काडकन मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. तांदळाची भाकरी, त्यात सकाळची. गरम असताना रुमालासारखी असते, गार झाली की पापड.

"अरे देवा. आता?" दिपिका रडकुंडीला आली. "त्यांच्या पोळ्या कशा वळतात?"

तुळशीराम फुस्सकन हसला. दात नसलेलं हसू, पण हसू.

"शिकलेली सून माजी. मिठागरावर दुपारची भाकर काय ताजी असायची का गो? सकाली बांधून न्यायची, दुपारी लाकूड व्हायची. हात सगले मिठानी फाटलेले, कुस्करायला गेला का झोंबायचा. मग आईस काय करायची, माशाच्या कालवनात भाकर अख्खी बुडवायची. इतकीच," त्याने दोन बोटं पाण्यात घालावीत तशी हवेत बुडवली, "बुडवली का काडली. मग मदी जवला-कांदा घालून सुरली करायची आनि हातात द्यायची. बुडव रश्यात. गरम पायजे. जास्त ठेवशील तर गोला होल."

दिपिकाने रस्सा उकळत ठेवला. तुळशीरामने स्वतः पहिली भाकरी बुडवली, उचलली, ताटात पसरली. भामाने पाण्याच्या हाताने खिमा ठेवला आणि सुरळी केली. न चिरता, न तुटता भाकरी वळली. भामा मनात म्हणाली, चव्वेचाळीस वर्षांत या माणसाने माझ्या ओट्याला हात लावला नाही, आज लावला तर शिकवायला लागला.

"आजोबा, तुम्हाला येतं?" रिया डोळे विस्फारून बघत होती.

"तुज्या फोनवाल्या बायकांना मीच शिकवला," तुळशीराम म्हणाला.

जवळा ताटात काढला आणि सात-आठ सुरळ्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी निजल्या. वर रस्सा ओतला. रियाला चीज पाहिजे होतं, म्हणून अर्ध्या भागावर चीज किसलं.

"माज्यावर ती पांढरी घान नको," तुळशीराम म्हणाला. "माज्यावर जवला टाक. कांदा बारीक कापून टाक, वर आमसुलाचा पानी."

वीस मिनिटं सगळे ओव्हनच्या काचेतून आत बघत बसले, सिनेमा बघावा तसे. सुमतीताई जायला निघाल्या होत्या त्या अजून दारातच उभ्या होत्या. "अशक्त झाले होते हो फार," त्या हळूच भामाच्या कानाशी म्हणाल्या. "मी रोज विचारीन म्हणत होते. धीर झाला नाही." भामाने नुसती मान हलवली.

निकेश आला तेव्हा ट्रे टेबलावर होता आणि बाप टेबलापाशी बसलेला होता. त्याने बूटही काढले नाहीत, नुसता बघत राहिला. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाला.

"का? माजा घर नाय?" तुळशीरामने ताट पुढे ओढलं.

सुरळी चमच्याच्या धारेने तुटत होती. रस्सा भाकरीत मुरला होता, खिमा लोण्यासारखा. त्याने पहिला घास घेतला, टाळूला लावून दाबला, गिळला. दुसरा घेतला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. एक सुरळी संपली. त्याने ताट पुढे केलं. भामाने दुसरी वाढली. वाढताना तिचा हात थरथरला आणि रस्सा टेबलावर सांडला.

"हात कापतंय तुजा. म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"जालू तर जालू," ती म्हणाली. "जेवा."

दुसरीही संपली. शेजारी रिया ट्रेच्या कडेला चिकटलेली, लाल होऊन कडक झालेली कड खरवडून खात होती. कुर्रम, कुर्रम. तुळशीराम जरा वेळ ऐकत राहिला.

"काय खातंस?"

"कड. कुरकुरीत आहे. सगळ्यात भारी."

"मना दे."

"तुम्हाला दात कुठे आहेत?"

दिपिकाने रियाला डोळे वटारले. निकेशने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. तुळशीरामने पोरीकडे बघितलं, कडेकडे बघितलं, आणि खुर्ची मागे सरकवून उठला. खोलीत गेला. भामाला वाटलं, संपलं, आता चादर. तेवढ्यात आतून कपाटाच्या माथ्यावर काहीतरी खणखणल्याचा आवाज आला. नळ सुटला, बंद झाला. तुळशीराम परत आला, खुर्चीवर बसला, ओठ एकदा आत-बाहेर करून कवळी नीट बसवली आणि हात पुढे केला.

"आता दे कड."

कुर्रम.

"आजोबा, पडेल हं."

"पडली तर तुज्या ताटात पडल. तू उचलून दे. बळ्यासारका बोंबलू नको."

निकेश असा मोठ्याने हसला की त्याला ठसका लागला. भामा मात्र उठून ओट्यापाशी गेली, पाठमोरी. तिने नळ सोडला आणि हात धुतले. आधीच धुतलेले, पुन्हा धुतले. छातीवर दोन महिने ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं झालं तिला.

त्या आठवड्यात तुळशीरामने तीनदा सुरळ्या मागितल्या. एकदा खिम्याच्या, एकदा बोंबलाच्या, एकदा नुसत्या वांग्याच्या, गुरुवार होता म्हणून. बुधवारी भाकरी खाल्ली, दुधात नाही, रश्यात. शनिवारी पेज दिली तर म्हणाला, "ही कोनाला?"

सोमवारी डॉक्टरांच्या काट्यावर तो उभा राहिला तेव्हा भामाने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, "छप्पन्न पाचशे." तिने डोळे उघडले.

"वाढला?"

"दीड किलो. काय खायला घातलंत?"

"जवला," तुळशीराम तिच्या आधीच म्हणाला. कवळी झाकायला तोंडावर हात न घेता.

घरी येऊन तुळशीराम टीव्हीपुढे बसला. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत उतरलं होतं. भामाने साडी बदलली, नवा आणलेला किलोभर जवळा सुपात ओतला आणि खिडकीपाशी फतकल मारून बसली. त्यातला काडीकचरा आणि शिंपल्यांचे तुकडे वेचून बाजूला टाकता टाकता तिने हाक मारली.

"दिपिका, ओव्हन रिकामा हाय ना?"

"रिकामा आहे, आई."

"मग ट्रे आन बाय. संध्याकाली ठेवायला लागल."